आधी भात्यावर उभं राहायचं

मी भाता बोलतोय. लोहाराचा भाता. दमादमानं बोलेन, कारण कातडं चिरलंय आणि निम्मी हवा कडेनं निघून जाते. शाळा मला नाही. जे सांगायचं ते सरळ सांगेन, कुणाला टोचलं तर टोचलं.

तसा मी एकटा नाही. आम्ही जोडीनं असतो. मी उजवा, माझा भाऊ डावा. मधे माणूस उभा राहतो, दोन हातांत दोन दांडे धरून. मला दाबलं की मी हवा सोडतो, तेवढ्यात भाऊ भरून घेतो. त्याला दाबलं की मी भरून घेतो. असा वारा अखंड चालू राहतो. भाऊ जन्मापासून बोलला नाही. त्याचंही मीच बोलतो.

पोलंडात वार्ता नदीच्या वळणावर लाकडी तटाची एक गढी आहे, तिथं आमचा जन्म झाला. गढी जुनी दिसते, पण नाही. जुनी कधीच जळून मातीत गेली. तिच्या खुणा उकरून त्यावर ही नवी बांधली. दर उन्हाळ्यात इथं वर्ग भरतात. शहरातली, आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात, मनगटावरची घड्याळं काढून पेटीत टाकतात, जाडेभरडे सदरे चढवतात आणि हजार वर्षांपूर्वीची कामं शिकतात. कुणी मागावर बसतं, कुणी मडकी भाजतं. कातडं कमावणाऱ्यांनी ओकच्या सालीत बैलाचं कातडं मुरवलं, सुतारकाम शिकणाऱ्यांनी लिंडेनच्या फळ्या तासल्या, लोहारकाम शिकणाऱ्यांनी खिळे ठोकले, आणि या सगळ्यातून आम्ही दोघं झालो. खिळे वाकडे निघाले होते. तसेच मारले.

लोहारकाम झेनॉन शिकवायचा. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात त्याचं उभं आयुष्य गेलं. कारखाना बंद पडला तेव्हा तो ऐरण आणि घण घेऊन गढीत आला आणि इथलाच होऊन गेला. त्याला सगळे मायस्तर म्हणत. आपण उस्ताद म्हणतो तसं. बोलायला तो माझ्यापेक्षा वाईट.

त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तलवार हवी असायची. एक दातांचा डॉक्टर आला, जाडजूड, हसरा. पहिल्याच सकाळी त्यानं विचारलं, "तलवार कधी करायची, मायस्तर?"

"आधी भात्यावर उभं राहायचं."

"किती दिवस?"

"हा उन्हाळा."

"सगळा?"

"तुझ्याकडे बघून पुढचाही लागेल असं वाटतंय."

हा झेनॉनचा नियम होता. पहिलं वर्ष भात्यावर. भात्यावर उभं राहणाऱ्यानं बोलायचं नाही. लोहार तीनच शब्द बोलणार. 'दे' म्हणाला की जोर लावायचा. 'कमी' म्हणाला की हात हलका करायचा. 'थांब' म्हणाला की थांबायचं. यात शिकण्यासारखं काय आहे, असं बहुतेकांना वाटायचं. चार दिवस दांडे ओढून ते निघून जायचे, मागच्या अंगणात धनुष्यबाण शिकायला. मी माणसं हातांवरून ओळखतो. कुणी फोटो काढायला लागलं की जोर करणारे हात वेगळे. बायकोशी भांडून आलेले हात वेगळे, ते मला दाबत नाहीत, बडवतात. आणि एखादे हात ऐकणारे असतात. ते फार कमी.

त्याचा दुसरा नियम चष्म्याचा. हजार वर्षांपूर्वी चष्मा नव्हता, म्हणून जत्रेच्या दिवशी गढीच्या आत कुणी चष्मा घालायचा नाही. मग अर्धी गढी आंधळी होऊन फिरायची. कुंभारकाम शिकवणारी बाई एकदा खांबाला "माफ करा" म्हणाली. लोक हसायचे, पण नियम पाळायचे. झेनॉन स्वतः फाटकाशी उभा राहून लोकांच्या नाकाकडे बघायचा.

आणि लुत्सिना आली. पन्नाशी उलटलेली, रुंद खांद्यांची, चष्मा लावणारी. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिनं आयुष्यभर मोठी पातेली ढवळली होती. नवरा गेल्यावर एक उन्हाळा घरात काढला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात इथं नाव घातलं. बाकीच्या बायका विणकामाला बसल्या, ही लोहारशाळेत.

"इथं का?" झेनॉननं विचारलं.

"घरात आवाज नव्हता."

त्यानं तिला आमच्यामधे उभं केलं. ती उन्हाळाभर उभी राहिली, तोंडातून शब्द न काढता. तिचे हात ऐकणारे होते. झेनॉन 'कमी' म्हणायच्या आधी तिचा हात कमी व्हायचा. दुसऱ्या वर्षी त्यानं तिच्या हातात हातोडा दिला. खिळा, मग बिजागरी, मग सुरी. तो तिला आचारीणबाई म्हणायचा. "आचारीणबाई, हे सूप नाही, सारखं ढवळू नका." ती म्हणायची, "सूप करपलं तर माणसं उपाशी राहतात, मायस्तर. तुमचा खिळा करपला तर कोण रडतंय?" त्याला ते आवडायचं. तो दाखवायचा नाही एवढंच.

आता खरी गोष्ट सांगतो. झेनॉनचे डोळे चालले होते.

हे फक्त आम्हा दोघा भावांना ठाऊक होतं. गढी बंद असायची त्या दिवशी तो एकटा आमच्या कातड्याला चरबी चोळत बसायचा आणि बोलायचा. डॉक्टर म्हणाला होता, डोळ्याच्या मागचा पडदा झिजतोय, मधलं दिसणं जाणार, कडेचं राहणार, आणि यावर इलाज नाही. म्हणजे तो जिकडे रोखून बघेल तेच नेमकं दिसणार नाही. म्हणून तो मान वाकडी करून, कोंबडी बघते तसं, बाजूनं बघायला लागला होता. लोकांना वाटायचं, म्हातारा तोऱ्यात आहे, तोंडाकडे बघून बोलत नाही. चष्म्याचा नियम त्याचाच असल्यामुळं कुणाला शंका आली नाही.

लोहाराला डोळे गेले की काय उरतं ते तुम्हाला सांगतो. लोखंडाला तापमापक लावत नाहीत. रंग बघतात. काळपट लाल, लाल, नारिंगी, पिवळा, आणि त्यापुढं पांढरा. पांढऱ्याच्या पुढं लोखंड जळतं. म्हणून तर लोहारशाळा अंधारी ठेवतात. गढीत तो रंग वाचणारा झेनॉन एकटा होता. पूर्ण आंधळं होण्याच्या आत त्याला ही विद्या कुणाच्या तरी ताब्यात द्यायला हवी होती. द्यायची म्हणजे आधी 'मला दिसत नाही' असं म्हणायला हवं. तेवढं त्याच्यानं होईना. इतकी वर्षं लोकांच्या नाकावरचे चष्मे उतरवलेला माणूस तो.

त्याच सुमाराला पंखा आला.

गढीचं सगळं बघणारी आल्दोना, भली बाई, धावपळीनं बेजार. ती म्हणाली, "मायस्तर, पोझनान शहरातून येणारी बस तासाभरात परत निघते. तुमची भट्टी तापेपर्यंत लोक सॉसेज खाऊन निघून जातात. भट्टीमागं पेंढ्याखाली एक विजेचा पंखा ठेवूया का? दिसणार नाही."

मला वाटलं, आता हा तिला घण फेकून मारतो. पण तो म्हणाला, "ठेवा."

पेंढ्याखाली पंखा गेला, त्याची नळी भट्टीला लागली आणि आमची सुटली. आम्हाला तसंच उभं ठेवलं. दातांचा डॉक्टर आम्हाला दाबायचा आणि आमचा वारा जमिनीवरच्या राखेत जायचा. लोक बघायचे, वा वा म्हणायचे. एका पोटभर जेवलेल्या माणसानं माझ्या कातड्यावर थाप मारली आणि म्हणाला, "काय ताकद आहे."

झेनॉननं हो का म्हटलं ते मला उशिरा उमगलं. पंख्याचा वारा कायम सारखा. बटण दाबलं की ठरावीक वेळात ठरावीक ताप. रंग बघायची गरजच नाही, मनात मोजलं की झालं. त्याला पंखा आवडला नव्हता. तो पंख्यामागं लपला होता.

जत्रेच्या दिवशी ते उघडं पडलं. लुत्सिनानं एक सुरी मन लावून घडवत आणली होती. पात्याला धारेचं पोलाद चिकटवायचं राहिलं होतं. त्यासाठी लोखंड जवळजवळ पांढरं करावं लागतं. झेनॉन लोकांना म्हणाला, आता बघा, आणि तिच्या हातातून सांडशी घेतली. सुरी आत घातली. पंखा घरघरत होता, पण एवढ्या तापाचा हिशेब झेनॉननं कधी मोजला नव्हता. मान वाकडी करून त्यानं बघितलं आणि म्हणाला, "अजून." मग पुन्हा, "अजून." तेवढ्यात भट्टीतून फुलबाज्यासारख्या ठिणग्या उडाल्या. बाहेर काढलं तेव्हा पात्याचं टोक गळून गेलं होतं, उरलेलं चाळणीसारखं झालं होतं. लोकांना वाटलं हा खेळच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

झेनॉन लुत्सिनाकडे वळून म्हणाला, "चष्मा काढून ठेवलास आणि लोखंड जाळलंस. हॉस्पिटलात करपवत होतीस तसं."

सांडशी त्याच्या हातात होती. वर्गातल्या सगळ्यांना दिसत होती. लुत्सिनानं आधी सुरीकडे आणि मग त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. तो तिच्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघत होता.

"हो, मायस्तर," ती म्हणाली.

तिला तिथंच कळलं असावं. बोलली मात्र नाही. मला तिचा राग आला, खरं सांगतो. त्याचाही आला. तो आपली अब्रू सांभाळत होता, ती त्याला सांभाळत होती, आणि त्यात सुरी फुकट गेली.

तो हिवाळा आम्हाला वाईट गेला. पंखा असल्यामुळं आम्हाला कुणी चरबी लावली नाही. बर्फात कातडं कडक झालं. उंदरांनी भावाच्या कुशीत बीळ केलं. मला वाटलं, संपलं आता, पुढं आम्ही शोभेचे.

बर्फ वितळल्यावर लुत्सिना आली. तिनं उंदीर हाकलले, भावाला ठिगळ लावलं, आम्हा दोघांना चरबी चोळली. झेनॉन कोपऱ्यात बसला होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "यंदा दलदलीतलं लोखंड काढू या, मायस्तर. आपल्या मातीतलं."

नदीकाठच्या ओल्या कुरणात गंजाच्या रंगाचे खडे सापडतात. तेच भाजून, मातीच्या उभ्या भट्टीत कोळशाबरोबर वितळवून पूर्वी लोखंड काढत. झेनॉननं एकदा करून बघितलं होतं, हाती नुसती मळी, म्हणजे दगडाचा वितळलेला गाळ, लागली होती. मरायच्या आधी एकदा तरी जमावं असं तो आम्हाला सांगायचा. बाहेर नाही बोलायचा.

"पंखा चालणार नाही," तो म्हणाला. "भट्टीचा आवाज ऐकू आला पाहिजे."

"म्हणून तर यांना चरबी लावतेय."

संत यानच्या उन्हाळी सणाच्या आदल्या दिवशी जत्रा असते, त्या दिवशी उजाडतानाच भट्टी पेटली. छातीएवढी उंच, माती आणि गवत कालवून बांधलेली. वरून एक टोपली कोळसा, एक टोपली खडे, असं सांडत राहायचं. खालून मातीच्या नळीतून आमचा वारा. हा वारा संध्याकाळपर्यंत एक क्षण थांबता कामा नये. थांबला तर आतलं सगळं दगड होऊन बसतं. आणि शेवटी भट्टी कधी फोडायची हे एका माणसानं ठरवायचं. लवकर फोडली तर गोळा धरत नाही, भुगा हाती येतो. उशीर झाला तर लोखंडाचं बीड होतं, घणाखाली काचेसारखं फुटतं.

सकाळभर झेनॉननं कानांवर काम केलं. भट्टीशी कान नेऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "दे." मग, "कमी." दातांचा डॉक्टर आम्हाला दाबत होता, घामानं निथळत, आणि खरंच ऐकत होता. आमचा वारा आत जात होता. किती दिवसांनी आम्ही खरा श्वास सोडला, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही.

दुपारनंतर नदीवरून वारं सुटलं. तटाच्या पलीकडं सणाचे ढोल सुरू झाले. झेनॉनचा कान भट्टीपासून हलेना. तो ऐकत होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं, हे मला त्याच्या बोटांवरून कळत होतं. बोटं माझ्या फळीवर होती, ताल शोधत. मग तो उठला आणि म्हणाला, "बस. फोडा भट्टी."

वर्गातल्यांनी लाकडी दांडकी उचलली. आल्दोना लोकांना मागं सारत होती.

"थांबा," लुत्सिना म्हणाली.

तिनं कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला आणि सगळ्या गर्दीसमोर नाकावर चढवला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ती नळीशेजारच्या भोकासमोर वाकली, आच सोसवेल तेवढं जवळ जाऊन आत बघितलं.

"मायस्तर, आत रंग कोणता आहे?"

"पिवळा," झेनॉन म्हणाला.

ती वाकलेलीच राहिली. ढोल वाजत होते. दातांचा डॉक्टर तोंड उघडं टाकून आम्हाला दाबतच होता, देव त्याचं भलं करो. झेनॉननं मान वाकडी केली, सरळ केली, पुन्हा वाकडी केली.

"कोणता आहे?" त्यानं विचारलं. लोखंडाबद्दल शिकणाऱ्याला त्यानं विचारलेला हा मी ऐकलेला पहिला प्रश्न.

"मधे पिवळा आहे. कडेनं अजून लाल. खालची मळी सुटलेली नाही."

"तुला दिसतंय?"

"चष्मा लावलाय."

"राहू दे," तो म्हणाला. आणि मग, "मला दिसत नाही. बरेच दिवस झाले."

"ठाऊक आहे."

"ती सुरी मी जाळली."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे, मायस्तर. टाळ्या वाजवणारे सोडून."

कुणी हसलं नाही. झेनॉन चाचपडत आमच्याकडे आला आणि दातांच्या डॉक्टरला म्हणाला, "सरक. ताल मोडू नकोस." डॉक्टरनं आधी एक दांडा सोडला, मग दुसरा. झेनॉननं ते धरले. ज्या जागी तो नवशिक्यांना उभं करायचा, तिथं उभा राहिला आणि लुत्सिनाकडे तोंड करून म्हणाला, "तू सांग. मी ओढतो."

त्यानं आम्हाला घडवून घेतलं, पण दिवसभर भात्यावर तो कधी उभा राहिला नव्हता. हात घणाचे. फार जोरात दाबायचा.

"कमी," लुत्सिना म्हणाली. आणि जरा वेळानं, "मायस्तर, कमी म्हटलं मी."

"ऐकतोय."

"ऐकता, पण करत नाही."

मग त्याचा हात हलका झाला. तो बोलायचा थांबला. ती 'दे' म्हणाली की द्यायचा, 'कमी' म्हणाली की आवरायचा. सूर्य तटाच्या मागं गेला. मळी आधी दाट, मग पाण्यासारखी वाहायला लागली. लुत्सिनाच्या चष्म्यावर सगळी भट्टी दिसत होती. शेवटी ती म्हणाली, "थांब." त्यानं हात वर घेतले, आणि आम्ही दोघं एकदम बसलो.

भट्टी फोडली. आतून राईच्या पावाएवढा एक ओबडधोबड गोळा निघाला. ओंडक्यावर ठेवून लाकडी मोगऱ्यांनी ठोकला. अर्धा मळी होऊन झडला. लोक हिरमुसले. पण ठोकता ठोकता जे उरलं ते फुटलं नाही, दबत गेलं. शेवटी मुठीएवढं राहिलं. निवल्यावर लुत्सिनानं ते झेनॉनच्या हातात दिलं. त्यानं ते बोटांनी सगळीकडून तपासलं, हातोडीनं हलकं वाजवलं आणि कानाशी धरलं.

"लोखंड आहे," तो म्हणाला आणि तिला परत दिलं. "तुझं आहे. सुरी कर."

त्यानंतर वर्ग लुत्सिना घ्यायला लागली. झेनॉन बसनं यायचा आणि भात्यावर उभा राहायचा. नवे लोक कुरकुरायचे की आम्हाला भाता द्या, मायस्तर सोडतच नाहीत. पंखा आल्दोनानं स्वतःच काढून नेला. दोन उन्हाळे असे गेले. मग त्याचं कडेचं दिसणंही गेलं, आणि मुलीनं त्याला पोझनानला नेलं.

आता आमची गत ऐका. ठिगळावर ठिगळ झालं. कातड्याला धड हवा धरवत नाही. आल्दोना म्हणाली, यांना काचेच्या कपाटात ठेवू, खाली पाटी लावू. लुत्सिनानं झेनॉनला बोलावून घेतलं. मुलीचा हात धरून तो आला. त्यानं माझ्या कातड्यावरून तळवा फिरवला, घडीत बोटं घातली, नाक लावून वास घेतला.

"मेलाय," तो म्हणाला. "काढ कातडं. नवं घाल. फळ्या चांगल्या आहेत."

आल्दोनाचे डोळे भरले. मला वाईट वाटलं नाही. त्यानं खरं तेच सांगितलं, आणि पहिल्याच फटक्यात सांगितलं.

भावाचं कातडं काल उतरलं. त्याच्या दोन फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्यात. आज माझे खिळे निघतायत. लुत्सिना चष्मा लावून एकेक उपटतेय, वाकडे निघाले की शिवी देतेय. थोडीच हवा राहिलीय, म्हणून आटोपतं घेतो.

ज्याला दिसेनासं झालंय त्यानं सांगून टाकावं. दुसऱ्याची सुरी जाळून मग सांगण्यात अर्थ नाही. ज्याला दिसतंय त्यानंही फार सभ्यपणा करू नये, चष्मा लावावा आणि बोलावं. सांगून टाकल्यावर माणूस निकामी होत नाही. भात्यावर उभं राहायला डोळे लागत नाहीत.

आणि पुढच्या उन्हाळ्यात जो कुणी इथं उभा राहशील, तुला एवढंच सांगतो. कातडं नवं असेल, आवाज माझा नसेल. सुरुवातीला कडक लागेल, चिडू नकोस. दांडे घट्ट आवळू नकोस. समोरची म्हणेल तेवढाच वारा दे.